पाच वर्षांचा अनुभव, ताशी सहा पेन्स

इंग्लंडमध्ये वृद्धांची आणि अपंगांची रोजची काळजी घेणाऱ्या कामगारांच्या पगाराची आकडेवारी 'स्किल्स फॉर केअर' ही संस्था दरवर्षी जमवते. २०२३ च्या मार्चमधला तिचा एक आकडा असा: पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या केअर वर्करला नुकत्याच लागलेल्या केअर वर्करपेक्षा ताशी सरासरी ६ पेन्स जास्त मिळत होते. आठवड्याला ४० तास भरले तर २ पाउंड ४० पेन्स. २०१६ मध्ये हाच फरक ताशी ३३ पेन्स होता.

गंमत अशी की या सात वर्षांत केअर वर्करचा पगार घटला नाही, चांगला वाढला. पगार वाढत गेला आणि अनुभवाची किंमत मात्र उतरत गेली. तिथल्या सोशल केअरच्या पगाराचा प्रश्न समजून घ्यायचा तर हे कोडं आधी सोडवावं लागतं. 'पगार वाढवा' एवढंच म्हणून ते सुटत नाही.

मालक कोण?

ब्रिटनमध्ये दवाखाना, डॉक्टर, ऑपरेशन हे सगळं एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडे, आणि ते मोफत. पण अंघोळ, कपडे, जेवण, औषधं वेळेवर देणं, केअर होममधलं राहणं हे सोशल केअरमध्ये येतं आणि ते सरसकट मोफत नाही. इंग्लंडमध्ये तुमच्या नावावर २३,२५० पाउंडांपेक्षा जास्त पुंजी असेल तर खर्च तुमचा तुम्ही करायचा. केअर होममध्ये कायमचं राहायला गेलात तर बहुतेकदा घराची किंमतही त्यात धरतात. ही मर्यादा २०१० पासून एका पेन्सानंही हललेली नाही. ज्यांच्याकडे एवढे पैसे नाहीत आणि ज्यांची गरज निकषात बसते, त्यांचा खर्च स्थानिक काउन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, उचलते.

पण काउन्सिल स्वतः माणसं नेमून ही सेवा देते का? फार थोडी. १९९० च्या एनएचएस अँड कम्युनिटी केअर कायद्यानंतर काउन्सिलांनी सेवा देण्याऐवजी ती विकत घ्यावी असं धोरण ठरलं. त्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या खास अनुदानातला ८५ टक्के भाग बाहेरच्या संस्थांवरच खर्च करायची अट होती. त्यातून आजचं चित्र उभं राहिलं: १५ लाखांहून जास्त नोकऱ्या आणि त्या पुरवणाऱ्या सुमारे १८ हजार कंपन्या व संस्था. काही बड्या, बऱ्याचशा एकदोन केअर होम चालवणाऱ्या.

एनएचएसमध्ये २००४ पासून डॉक्टर आणि अगदी वरचे अधिकारी सोडून बाकी सगळ्यांसाठी एकच पगाररचना आहे. कोणत्या कामाला कोणती श्रेणी, किती वर्षांनी पुढची पायरी, सगळं ठरलेलं. मालक पेन्शनमध्ये पगाराच्या २३.७ टक्के भर घालतो. सोशल केअरमधल्या खासगी कंपनीवर कायद्यानं ३ टक्क्यांचं बंधन आहे, आणि पुष्कळ कंपन्या तेवढ्यावरच थांबतात. एकाच आजीबाईंना सकाळी दवाखान्यात उठून बसायला मदत करणारी आणि संध्याकाळी घरी उठून बसायला मदत करणारी, या दोघींच्या म्हातारपणाच्या सोयीत एवढं अंतर. पगारापेक्षा मला हे जास्त खटकतं, कारण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

काम काय असतं

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम म्हणजे भरवणं, धुणं-पुसणं, एवढंच वाटतं. जरा जवळ जाऊ.

अंथरुणाला खिळलेल्या बाईंची कूस बदलताना केअर वर्करला माकडहाडाजवळ लालसर डाग दिसतो. ती बोटानं दाबून पाहते. दाबल्यावर कातडी पांढुरकी झाली आणि बोट उचलताच पुन्हा लाल झाली, तर रक्त खेळतंय. दाबूनही लाली तशीच राहिली, तर बेडसोअरची सुरुवात झाली आहे. बाई सावळ्या असतील तर लाली दिसतच नाही. मग तेवढीच जागा गरम लागते का, टणक लागते का, हे हाताला कळावं लागतं. त्याच दिवशी नोंद करून नर्सला कळवलं, तर गादी बदलून आणि ठरलेल्या तासांनी कूस बदलून निभावतं. नाही कळवलं, तर काही आठवड्यांत हाडापर्यंत पोचलेली जखम आणि दवाखान्यातला लांबलचक मुक्काम.

पुढच्या घरी पक्षाघात झालेले आजोबा. त्यांना साधं पाणी दिलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून पावडर घालून ठरलेल्या घट्टपणाचं पाणी द्यायचं. तिसऱ्या घरी स्मृतिभ्रंश झालेल्या बाई औषध हातातून उडवून लावतात. जबरदस्ती करायची नाही, सोडूनही द्यायचं नाही. दहा मिनिटांनी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचं, आणि तरी नाही घेतलं तर तक्त्यात खरं तेच लिहायचं.

यातलं काहीही पहिल्या आठवड्यात जमत नाही. तीन-चार वर्षांत जमतं. या कामात अनुभव म्हणजे माणसाला दवाखान्यापासून वाचवणारी गोष्ट आहे, आणि बाजार तिची किंमत सहा पेन्स लावत होता.

पैसा कुठून येतो, कुठे अडतो

किमान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९९९ साली आला, ताशी ३ पाउंड ६० पेन्सनी. २०१६ च्या एप्रिलमध्ये 'नॅशनल लिव्हिंग वेज' या नावानं प्रौढ कामगारांसाठी वरचा दर आला, ७.२० पाउंड. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो १२.२१ झाला, २०२६ साठी १२.७१ ठरला. म्हणजे नऊ वर्षांत तळाचा दर जवळजवळ ७० टक्क्यांनी वर आला. केअर वर्करचे पगार वाढले ते मुख्यतः यामुळे. कंपन्यांचं मन मोठं झालं म्हणून नव्हे.

आता कंपनीच्या बाजूनं पाहा. तिचं मोठं गिऱ्हाईक काउन्सिल. काउन्सिल एका तासाचा दर ठरवते, आणि काउन्सिलची स्वतःचीच तिजोरी २०१० नंतरच्या कपातीत आटलेली. घरपोच सेवा देणाऱ्यांच्या होमकेअर असोसिएशन या संघटनेनं २०२५-२६ साठी इंग्लंडमध्ये तासाला किमान ३२.१४ पाउंड लागतात असा हिशोब मांडला. त्यात किमान वेतन, प्रवासाचा वेळ, रजेचा पगार, पेन्शन, मालकानं भरायचा राष्ट्रीय विमा (पगारावर सरकारला द्यायचा हप्ता), प्रशिक्षण, ऑफिस, विमा सगळं आलं. बऱ्याच काउन्सिल यापेक्षा कमी देतात. त्यात २०२५ च्या एप्रिलपासून मालकाचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला आणि तो लागू व्हायची पगाराची मर्यादा वर्षाला ९,१०० वरून ५,००० पाउंडांवर खाली आली. अर्धवेळ बायकांवर चालणाऱ्या या धंद्याला तो घाव जास्त बसला.

तळाचा पगार कायद्यानं वाढतो, वरून येणारा पैसा त्या मानानं वाढत नाही. मग कंपनी काय करते? नव्या मुलीला कायद्यानं द्यावंच लागतं ते देते, आणि जुन्या बाईची वाढ थांबवते. पायऱ्यांची शिडी असावी आणि पाणी चढत जाऊन एकेक पायरी बुडावी, तसं झालं. सीनियर केअर वर्करवर औषधांची जबाबदारी, पाळीची आखणी, नव्यांना शिकवणं, आणि हातात ताशी थोडेसेच जास्त. पुष्कळजणी बढती नाकारतात, आणि हिशोबानं पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे.

कंपन्या नफेखोर आहेत म्हणून हे घडतं, असंही एक सोपं उत्तर मिळतं. काही बड्या साखळ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे: कर्जाचं ओझं, भाडं, गुंतवणूकदारांचा परतावा यांत बराच पैसा जातो. पण एका गावात वीस माणसं घेऊन घरपोच सेवा देणाऱ्या बाईकडे नफा नावाची गोष्ट फारशी उरतच नाही. त्या दोघांना एकाच मापानं मोजलं की चर्चा भरकटते.

आणखी एक अडचण या कामाच्या स्वभावातच आहे. कारखान्यात यंत्र आणलं की एक माणूस दुप्पट माल काढतो आणि वाढलेल्या पगाराची भरपाई होते. माणसाला अंघोळ घालायला लागणारी तीस मिनिटं पंधरावर आणता येत नाहीत. आणली, तर सेवाच निम्मी होते. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हे मांडलं होतं: इतरत्र पगार वाढत गेले की अशा कामांचा खर्च वाढणारच. त्यामुळे 'कार्यक्षमता वाढवून पगार देऊ' असं कुणी म्हणालं की सावध व्हावं.

न मोजलेले तास

ताशी दर हा निम्माच प्रश्न आहे. तास कोणते मोजायचे, हा उरलेला निम्मा. एक मानीव हिशोब करू. केअर वर्कर सकाळी ७ ला पहिल्या घरी पोचते आणि दुपारी २ ला शेवटच्या घरातून निघते. या सात तासांत लोकांच्या घरात घालवलेला वेळ साडेचार तास, एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात दीड तास, मधे एक तास रिकामा. कंपनी म्हणते, आम्ही ताशी १३.५० देतो, म्हणजे किमान वेतनाच्या वर. पण देते फक्त घरातल्या साडेचार तासांचे: ६०.७५ पाउंड. दोन घरांमधला प्रवास कायद्यानं कामाचाच वेळ आहे. तो धरून सहा तास झाले, म्हणजे प्रत्यक्षात ताशी १० पाउंड १३ पेन्स. १२.२१ च्या दरानं तिला किमान ७३.२६ मिळायला हवे होते. तिला १२ पाउंड ५१ पेन्स कमी मिळाले, आणि पगारपत्रकावर मात्र दर तेरा पाउंडांच्या वर दिसतो. तो रिकामा तास आपण अजून धरलेलाच नाही.

२०२० साली उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे काउन्सिलचं काम करणाऱ्या दहा केअर वर्कर युनिसन या कामगार संघटनेच्या मदतीनं हाच मुद्दा घेऊन लवादात जिंकल्या, आणि मिळून सुमारे एक लाख पाउंड त्यांना मिळाले. पण प्रत्येकीला खटला लढता येत नाही.

रात्रीच्या झोपपाळीचा निकाल मात्र उलटा लागला. क्लेअर टॉमलिन्सन-ब्लेक या मेन्कॅप संस्थेत काम करत. रात्री १० ते सकाळी ७ रुग्णांच्या घरी झोपायचं, गरज पडली तर उठायचं, त्याचे एकूण २९ पाउंड ५ पेन्स. त्यांचं म्हणणं, तिथून हलता येत नाही, कान उघडे ठेवून झोपावं लागतं, मग तो वेळ कामाचा. १९ मार्च २०२१ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा पाळीत प्रत्यक्ष कामासाठी जागं राहावं लागलं तेवढाच वेळ किमान वेतनासाठी मोजायचा. न्यायालयानं नियमांचा अर्थ लावला, ते ठीक. ज्यांनी नियम लिहिले त्यांनी ते बदलायचे होते, ते राहून गेलं.

बाहेरून माणसं आणण्याचा मार्ग

२०२१-२२ मध्ये दर दहा जागांमागे एकीहून जास्त रिकामी होती, सुमारे १ लाख ६५ हजार. सरकारनं २०२२ च्या फेब्रुवारीत केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला. भारतातून, नायजेरियातून, झिम्बाब्वेतून माणसं गेली आणि २०२४-२५ पर्यंत रिकाम्या जागा सुमारे १ लाख ११ हजारांवर आल्या. कायद्यानं वाढवावा लागला त्यापलीकडे पगार न वाढवता प्रश्न आवाक्यात आला.

त्याची किंमत त्या माणसांनी मोजली. व्हिसा एका कंपनीला बांधलेला. कंपनीनं कबूल केलेले तास दिले नाहीत तरी बोलायची सोय नाही, कारण नोकरी गेली की देशातलं राहणंही धोक्यात. अनेकांनी दलालांना कर्ज काढून पैसे दिलेले. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात सरकारनं या क्षेत्रातल्या कंपन्यांचे परदेशी कामगार आणायचे ४७० हून अधिक परवाने रद्द केले. त्या कंपन्यांशी ३९ हजारांवर कामगार जोडलेले होते. मार्च २०२४ पासून कुटुंब सोबत नेण्यावर बंदी आली आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवी भरतीच बंद झाली. म्हणजे स्वस्त वाट मिटली, आणि पगाराचा प्रश्न होता तिथेच उभा आहे.

पदनामं आली, पैसे नाही आले

करिअरच्या बाजूनं काहीच झालं नाही असं नाही. २०१५ मध्ये 'केअर सर्टिफिकेट' आलं, नव्या कामगारानं शिकायच्या १५ गोष्टी. पण नोकरी बदलली की नवा मालक पुष्कळदा तेच पुन्हा शिकवायचा, कारण जुन्या कागदावर त्याचा भरवसा नाही. २०२४ मध्ये ते मान्यताप्राप्त पात्रतेच्या रूपात आणलं, म्हणजे आता ते सोबत नेता येईल. त्याच वर्षी जानेवारीत 'केअर वर्कफोर्स पाथवे' आला: कोणत्या पायरीवर काय यायला हवं, याचा आराखडा. नवशिकी, केअर वर्कर, पर्यवेक्षक अशा पायऱ्या. पुढं त्यात वाढीव कौशल्याचा केअर वर्कर, उपव्यवस्थापक, व्यवस्थापक यांचीही भर पडली.

आराखडा चांगला आहे. पण त्यातल्या एकाही पायरीला पगार जोडलेला नाही. उलट नर्सच्या देखरेखीखाली इन्सुलिन देणं, रक्तदाब तपासणं यांसारखी कामं केअर वर्करकडे सरकत आहेत. एनएचएसचा नर्स पाठवण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. तो वाचलेला पैसा केअर वर्करपर्यंत पोचवायची वाट कुणी ठरवलेली नाही, कारण दोघींची खाती वेगळी.

स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये केअर वर्करची नोंदणी सक्तीची आहे, इंग्लंडमध्ये नाही. स्कॉटलंड आणि वेल्स काउन्सिलांमार्फत वेगळा निधी देऊन किमान वेतनापेक्षा वरचा दर ठरवतात. इंग्लंडपेक्षा ते बरं, पण तिथंही वाढला तो तळच.

शिडी बांधून पाहिली ती न्यूझीलंडनं. क्रिस्टीन बार्टलेट या वीस वर्षं वृद्धाश्रमात काम करून ताशी १४.४६ डॉलर मिळवत होत्या. त्यांनी १९७२ च्या समान वेतन कायद्याखाली दावा लावला. मुद्दा असा की हे काम बायका करतात म्हणून स्वस्त आहे, पुरुषांच्या अशाच कष्टाच्या आणि जोखमीच्या कामाशी तुलना करा. न्यायालयांत त्यांची बाजू टिकली आणि २०१७ मध्ये सरकारनं सुमारे २ अब्ज डॉलरची तडजोड करून कायदा केला. ५५ हजार कामगारांना पाच वर्षांत ताशी १९ ते २७ डॉलरपर्यंतची श्रेणी मिळाली, आणि प्रत्येक पायरी पात्रतेशी किंवा सेवेच्या वर्षांशी बांधलेली होती. पैसे सरकारनं दिले, म्हणून कंपन्यांना ते परवडलं. तरी वरच्या पायरीवरच्या महाग बायकांना कमी तास दिले जातात अशा तक्रारी झाल्याच. शिवाय पाच वर्षांनंतर श्रेणी कशी वाढत राहील, याची सोय नव्हती. तिकडे किमान वेतन १५.७५ वरून २०२३ मध्ये २२.७० डॉलरवर गेलं आणि अंतर पुन्हा आकसलं. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या नव्या सरकारनं समान वेतनाचा कायदाच कडक करून चालू असलेले ३३ दावे रद्द केले.

जर्मनीनं वेगळं केलं. तिथं काळजीच्या कामाला किमान वेतनच तीन पातळ्यांचं आहे: १ जुलै २०२५ पासून अप्रशिक्षित मदतनिसाला १६.१०, एक वर्षाचं शिक्षण झालेल्याला १७.३५, पूर्ण प्रशिक्षिताला २०.५० युरो. तळ वर जातो तेव्हा वरच्या पायऱ्याही त्याच कायद्यानं वर जातात. २०२२ च्या सप्टेंबरपासून तर सामूहिक करारातल्या दरांइतका पगार न देणाऱ्या संस्थेला तिथल्या काळजी-विम्याचं कामच मिळत नाही. पण विमा खर्चाचा ठरावीक भागच उचलतो, त्यामुळे केअर होममधल्या वृद्धांच्या खिशातून जाणारी रक्कम वाढत चालली आहे.

पुढं काय व्हायचं आहे

ब्रिटनमध्ये १८ डिसेंबर २०२५ ला एम्प्लॉयमेंट राइट्स कायदा मंजूर झाला. त्याखाली सोशल केअरसाठी मालक आणि संघटना एकत्र बसून बोलणी करतील असं मंडळ होणार आहे. तिथं जे ठरेल ते सगळ्या मालकांना बंधनकारक. धंद्यानिहाय दर ठरवणारी तिथली वेजेस काउन्सिलं शेती वगळता १९९३ मध्ये मोडीत निघाली होती. तीस वर्षांनी तोच मार्ग एका क्षेत्रापुरता परत येतोय. पहिला करार २०२८ मध्ये लागू करायचा बेत आहे आणि त्यासाठी सरकारनं ५० कोटी पाउंड जाहीर केले आहेत.

५० कोटी ऐकायला मोठे वाटतात. १५ लाख नोकऱ्यांत वाटले, आणि ही रक्कम दरवर्षीची धरली, तर एका नोकरीला वर्षाला सुमारे ३३३ पाउंड. पूर्णवेळ कामाच्या साधारण १,९५० तासांत ते १७ पेन्स होतात, आणि त्यातूनच मालकाचा राष्ट्रीय विमाही भरायचा आहे.

एवढ्या पैशात मंडळाला निवड करावी लागेल. सगळ्यांना सारखे सतरा पेन्स दिले तर मतं मिळतील, आणि पुढच्या किमान वेतनवाढीत ते बुडून जातील. माझ्या मते पहिल्या करारात पैसा थोडा असला तरी त्यात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: पाथवेच्या प्रत्येक पायरीत किती टक्क्यांचं अंतर राहील, आणि किमान वेतन वाढेल तेव्हा ते अंतर आपोआप वर सरकेल. अंतर टक्क्यांत लिहिलं की त्याचा खर्च दरवर्षी सरकारसमोर येतो आणि टाळता येत नाही. संघटनांनाही हे अवघड जाईल, कारण त्यांचे बहुसंख्य सभासद तळाच्या पायरीवर आहेत.

प्रवासाचा वेळ पगारपत्रकावर वेगळा दाखवण्याची सक्ती करायला तर फारसे पैसेही लागत नाहीत. आणि अपंग माणसं काउन्सिलनं दिलेल्या रकमेतून स्वतःच मदतनीस नेमतात, तिथं मालक म्हणजे व्हीलचेअरवरची एक व्यक्ती असते. करारातला दर तिनं द्यायचा, तर काउन्सिलनं तिच्या हातात ठेवायची रक्कम त्याच दिवशी वाढली पाहिजे.